कार्ड आजीच्या हातात, आजी नर्सच्या हातात



आरोग्याच्या कामासाठी वस्तीत फिरताना दोन प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतात. बारावी झालेली मुलगी विचारते, "ताई, नर्सिंग करून पुढे काय मिळतं?" आणि त्याच घरातली आजी आतून प्लास्टिकची पिशवी आणते. रेशनकार्ड, आधारकार्ड, दुमडून फाटलेले केस पेपर आणि नवे कोरे आयुष्मान कार्ड काढून पुढ्यात ठेवते आणि म्हणते, "पोरी, या कार्डावर खरंच फुकट होतं का गं?"

आम्ही म्हणजे पंधरा-वीस वर्षे वॉर्डात काढलेल्या आणि आता वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या काही नर्सेस. आमच्या अनुभवाने हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सरकार विम्याचे पैसे रुग्णालयाला देते. पण त्या पैशातून आजीला वेळेवर कूस बदलून मिळते का, तिची साखर तपासली जाते का, घरी जाताना गोळ्या कोणी समजावून सांगते का, हे शेवटी नर्सवर येऊन थांबते. म्हणून या अंकात दोघींनाही एकत्र उत्तर देत आहोत.

कार्डात काय आहे, काय नाही

२०१८ साली केंद्र सरकारने आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू केली. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार त्यात मोफत आहेत. आपल्या राज्यात त्याच्या आधीपासून, म्हणजे २०१२ पासून, जीवनदायी योजना होती. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२० पासून दोन्ही योजना एकत्र राबवल्या जातात.

ज्येष्ठांसाठी मोठा बदल २९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला. सत्तर वर्षे आणि त्यापुढील प्रत्येकाला, मिळकत कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. घर आधीपासून योजनेत असेल तर सत्तरीपुढच्या माणसासाठी वर्षाला वेगळे पाच लाख असतात. घरातल्या इतरांच्या आजारपणात ते खर्ची पडत नाहीत. नोंदणी आधारवर होते आणि वयही आधारवरचेच धरतात. आपल्याकडे कित्येक आजी-आजोबांचे वय आधारवर अंदाजाने लागलेले आहे. ते कमी लागले असेल तर आधी दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर सत्तरी उलटूनही कार्ड निघत नाही.

आता कार्डात काय नाही ते पाहू. हा विमा दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस औषधे व तपासण्या केंद्राच्या योजनेत धरल्या आहेत. पण रोजच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा, कवळी किंवा घरी सांभाळायला ठेवलेली बाई यांचा खर्च त्यात बसत नाही. रोजच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आयुष्मान आरोग्य मंदिर आहे, तिथेच जावे.

पॅकेज ठरलेले, शरीर ठरलेले नाही

या योजनेत रुग्णालयाला प्रत्येक उपचारामागे ठरावीक रक्कम मिळते. तिला पॅकेज म्हणतात. खाट, औषधे, तपासण्या, जेवण आणि नर्सची सेवा, सगळे त्या एका रकमेत आले. डॉक्टर, इम्प्लांट, औषधे यांचा खर्च डोळ्यांना दिसतो. नर्सच्या सेवेचे वेगळे बिल निघत नाही. म्हणून पैसे वाचवायचे ठरले की पहिली कात्री नर्सच्या संख्येला लागते. सर्वसाधारण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स असावी असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सांगते. आमच्यापैकी बहुतेकींनी रात्रपाळीला तीस-पस्तीस खाटा एकटीने सांभाळल्या आहेत.

तरणा माणूस ठरलेल्या दिवसांत उठून घरी जातो. सत्तरीच्या शरीराला ते जमत नाही. तिथेच काय बिघडते ते आमच्यातल्या एकीच्या अनुभवावरून सांगतो.

आपल्याच समाजातले एक आजोबा न्हाणीत पडले आणि खुब्याचे हाड मोडले. एका खासगी रुग्णालयात योजनेतून शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. त्या आठवड्यात वॉर्डात दोन नर्स कमी होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, तर ती पाळीत एकदाच बदलली जायची. नोंदवहीत मात्र दर दोन तासांनी सही होती. ती सही आमच्या मैत्रिणीची होती. "सगळ्याच करतात, तूही कर," असे तिला सांगितले गेले होते. डिस्चार्जच्या दिवशी कंबरेखाली लालसर चट्टा होता. मुलाला तो कोणी दाखवला नाही, घरी कसे झोपवायचे तेही सांगितले नाही. तीन आठवड्यांनी तिथे मूठभर जखम झाली होती. आजोबा दीड महिन्याने गेले. कागदावर सगळे बरोबर होते आणि रुग्णालयाला पैसेही मिळाले.

त्या खोट्या सहीचे ओझे तिने बरीच वर्षे वागवले. वॉर्ड सोडून वस्तीत काम करायचे तिने तिथेच ठरवले. आम्ही हे लिहितो ते कुणाला दोषी धरायला नाही. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी कळावे की नर्सची सही हा पुरावा असतो. जे केले तेच लिहायचे. करता आले नाही तर "कर्मचारी अपुरे, कूस बदलता आली नाही" असे लिहून इन्चार्ज सिस्टरला कळवायचे. तो कागद रुग्णालाही वाचवतो आणि आपल्यालाही.

ज्येष्ठांची शुश्रूषा हे वेगळे शिक्षण आहे

म्हातारपणी आजार वेगळ्या खुणांनी दिसतो. लघवीच्या संसर्गात ताप न येता आजी एकदम बरळू लागते आणि घरचे म्हणतात, "डोकं फिरलं." शिकलेली नर्स आधी लघवी, साखर आणि सोडियमचा विचार करते. आजोबा जेवताना खोकतात. त्यांना आडवे ठेवून भरवले तर घास फुप्फुसात जातो, म्हणून पाठ उभी करून भरवायचे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना विचारून शक्य तितक्या लवकर, जमल्यास दुसऱ्याच दिवशी, खाटेवरून उठवायचे. लघवीची नळी गरज संपली की काढायला सांगायचे. दोन-तीन डॉक्टरांच्या गोळ्यांची पिशवी एकत्र ओतून एकच औषध दोन नावांनी चालू आहे का ते पाहायचे.

आणखी एक सवय लागते. प्रश्न मुलाला न विचारता आजीला विचारायचा, तिच्या बऱ्या कानाशी, सावकाश. कित्येकदा मुलाला माहीत नसते आणि आजी मुलासमोर सांगत नाही.

"शिकूनसवरून घाणच काढायची का?"

हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातो आणि त्याला उत्तर द्यायला हवे. आपल्या आजा-पणजांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकीची कामे सोडली. मग मुलीने दुसऱ्याचा बेडपॅन का उचलावा, असे वडील विचारतात तेव्हा त्यामागे इतिहास असतो.

आम्ही त्यांना सांगतो, ती कामे जन्माने लादलेली होती. मोबदला शिळी भाकर आणि वर अपमान. नर्सिंग शिकून मिळते, परिषदेची नोंदणी घेऊन करता येते, त्याला पगार आणि रजा असते आणि नकार देण्याचा हक्कही असतो. विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्या मळात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्याची शिकवण दिली. आजाऱ्याचे अंग धुणे हे आपल्याकडे हलके काम मानलेले नाही.

पण वॉर्डात जात येत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. आडनाव पाहून ड्युटी लावलेली आम्ही पाहिली आहे. सडलेल्या जखमेचे ड्रेसिंग नेहमी त्याच दोघींकडे. हातचे पाणी घेण्याआधी गाव आणि आडनाव विचारणारे रुग्णही भेटले. त्या आजीची कूस आम्ही तरीही दर दोन तासांनी बदलली, कारण ते आमचे काम होते. ड्युटीच्या भेदभावाबद्दल मात्र गप्प बसलो नाही. महिन्याचा ड्युटी चार्ट उतरवून काढला आणि लेखी अर्ज दिला. तोंडी तक्रार विरून जाते, चार्ट बोलतो.

कामाच्या वाटा

पहिली वाट योजनेतल्या रुग्णालयातल्या वॉर्डाची. बहुतेक मुली इथून सुरुवात करतात. डायलिसिस, हृदय, कर्करोग या विभागांत योजनेचे ज्येष्ठ रुग्ण मोठ्या संख्येने येतात. तिथे दोन-तीन वर्षे घातली की हाताला कसब येते.

दुसरी वाट सरकारी नोकरीची. जिल्हा रुग्णालये, महापालिका, वैद्यकीय महाविद्यालये यांच्या जाहिराती येत असतात. यात कामगार राज्य विमा महामंडळाकडे आपल्या मुलींनी मुद्दाम लक्ष द्यावे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल त्याच काळात, १९४४ मध्ये आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कायदा झाला. त्या महामंडळाच्या रुग्णालयांसाठी २०२४ मध्ये यूपीएससीने १९३० नर्सिंग ऑफिसर पदांची जाहिरात काढली होती. त्यात जीएनएम डिप्लोमा आणि किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला एक वर्षाचा अनुभव चालत होता.

इथेच ज्येष्ठांच्या कामाची गोष्ट सांगून ठेवतो. विमा असलेल्या नोकरीत किमान पाच वर्षे काढून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी या विम्याची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे, वस्तीत विचारून पाहा.

तिसरी वाट गावपातळीची. उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्र झाले, त्यालाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या बारा सेवांत वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची, म्हणजे पॅलिएटिव्ह, सेवा आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद असते. केंद्राच्या नियमावलीत या पदासाठी नर्सिंगचे शिक्षण आणि सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम धरला आहे. पात्रता प्रत्येक जाहिरातीत नीट वाचावी. हे पद कंत्राटी असते, हेही माहीत असू द्या.

चौथी वाट टेबलाची. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, मंजुरीची कागदपत्रे जातात, क्लेम तपासले जातात, दर्जाच्या तपासण्या होतात. नोंदी वाचता येणारी नर्स तिथे उपयोगी पडते. पाठदुखीने वॉर्ड झेपेनासा झालेल्या आमच्या दोन मैत्रिणी आज असेच काम करतात.

पाचवी वाट घरी जाऊन शुश्रूषा करण्याची. विमा इथे पोचत नाही, पण गरज सगळ्यात जास्त इथेच आहे. एजन्सीमार्फत जाताना पगार, तास, रात्रीची सोय आणि सुट्टी लिहून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. परक्या घरात एकट्या मुलीला काय काय सोसावे लागते ते आम्ही ऐकले आहे.

पगाराचे खरे

खासगी रुग्णालयात डिप्लोमा झालेल्या मुलीला आठ-दहा हजारांवर राबवलेले आम्ही स्वतः भोगले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी खासगी रुग्णालयांतील नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितली. त्या समितीची शिफारस अशी: दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. शंभरपेक्षा जास्त असतील तर त्याहून दहा टक्क्यांपेक्षा कमी नको. पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी नको. पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही वीस हजारांखाली नको.

ही शिफारस आहे आणि ती लागू करणे राज्यांवर सोपवलेले आहे. म्हणून मुलाखतीत आकडा सांगताना आपल्या मुलीला ती पाठ असावी. सरकारी योजनेचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाने नर्सला किती द्यावे, हा सरकारलाही विचारण्याचा प्रश्न आहे. एकटीने विचारले की नोकरी जाते. संघटनेने विचारले की बैठक लागते.

प्रवेश, शिष्यवृत्ती आणि फसवणूक

एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएससी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बीएससीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागते. जीएनएमला इतर शाखाही चालतात, इंग्रजी मात्र हवे. जीएनएम झाल्यावर नोकरी करून पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएससी करता येतो. ज्येष्ठांच्या शुश्रूषेचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही परिषदेने आखलेला आहे.

प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट तपासा, संस्थेला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे का. "सहा महिन्यांत नर्स व्हा" असे फलक पाहून दागिने मोडून फी भरलेल्या मुली आमच्याकडे रडत आल्या आहेत. अशा प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही. नोंदणी नसलेली मुलगी रुग्णालयात नर्सचे काम करते आणि मावशीचा पगार घेते.

१९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या आधीच काढून ठेवा. अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना पाहावी.

दाखल करताना घरच्यांनी हे करावे

रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा आणि कार्ड दाखवा. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी पैसे मागता येत नाहीत. मागितले तर पावती मागा आणि १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन १४५६७ आहे.

डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका. सिस्टरला चार गोष्टी विचारा: कोणती गोळी कधी, जखम कशी पाहायची, कसे झोपवायचे, पुन्हा कधी यायचे. अंगावरचा कपडा बाजूला करून पाठ, कंबर आणि टाचा तिथेच पाहून घ्या. लाल चट्टा दिसला तर केस पेपरवर लिहून घ्या. सिस्टर रागावली तरी चालेल. त्या आजोबांच्या मुलाला कोणी एवढे सांगितले असते, तर कदाचित आमच्या मैत्रिणीला आज शांत झोप लागली असती.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की कार्डावर उपचार फुकट होतो, पण तो नीट व्हावा यासाठी शेजारी जागा माणूस लागतो. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की या कामात नोकरी आहे, पगारासाठी अजून भांडावे लागते, आणि तो जागा माणूस तू होऊ शकतेस. येत्या पौर्णिमेला विहारात आजी-आजोबांची कार्डे आणि आधारवरची वये तपासायला बसा. बारावीच्या मुलींनाही बोलवा. लिहिण्याचे काम त्यांना द्या. शुश्रूषेचा पहिला धडा तिथेच होईल.